नीलेश वायकोळे धावपथ

नीलेश वायकोळेला दिवसातला एक तास असा हवा होता, ज्यात त्याला कोणी काही विचारणार नाही. मागणी मोठी नव्हती, पण जळगावात ती पुरी होणं कठीण होतं.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो लोकांना विचारायचा, "आता बघा, आधीचं बरं दिसत होतं की हे?" आणि लोक त्याला विचारायचे, की नंबर वाढला का, काच फुटणार नाही ना, फ्रेम तोंडाला शोभते का, मुलाकडचे बघायला येतील तेव्हा चष्मा लावावा की काढून ठेवावा. घरी आलं की आई, प्रमिलाबाई, विचारायची की आज दुकानात कोण कोण येऊन गेलं. बायको शीतल विचारायची की उद्या भाजी काय करायची. या सगळ्यांची उत्तरं तो न चिडता द्यायचा. चष्मेवाल्याला चिडून चालत नाही.

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं आणि तो पहाटे मेहरूणच्या तलावावर जाऊ लागला. तिथे निम्मं जळगाव चालायला येतं. चालता चालता निवडणुका होतात, सोयरिकी जुळतात, प्लॉटचे व्यवहार मोडतात. न बोलता चालणारा माणूस घरून भांडून आलाय असं समजलं जातं आणि त्याची समजूत घालायला दोघे जण त्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागतात. नीलेशची तशी दोनदा समजूत घातली गेली. म्हणून तो पळू लागला. पळणाऱ्याला कोणी थांबवणार नाही, हा त्याचा हिशेब. तो चुकला. तिसऱ्याच दिवशी एक ओळखीचा गृहस्थ धापा टाकत त्याच्या बरोबरीनं आला आणि नाकावरचा चष्मा काढून त्याच्यासमोर धरत म्हणाला, "काय भो नीलेश, ही काडी बघ बरं, सैल झालीय. थांबू नको, पळता पळताच बघ."

त्यानंतर त्यानं शहराबाहेरचा रस्ता शोधला.

निमखेडीच्या बाजूला शेवटच्या कॉलनीची भिंत संपते, तिथून पाटाच्या कडेनं एक मातीचा रस्ता निघतो. एका हाताला केळी, दुसऱ्या हाताला कपाशी. रुंदी एवढीच, की समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या तर एकीला मागे सरकावं लागेल. पुढे एक मोरी, मोरीजवळ भाईदास कोळ्याचं शेत आणि त्याच्यापुढे गिरणा नदीचा काठ. रस्त्याला नाव नव्हतं, दिवा नव्हता आणि ओळखीचा माणूस नव्हता.

पहिल्या दिवशी भाईदास बांधावर उभा होता. धावत येणारा माणूस पाहून त्यानं हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, मांगे कुत्रं लागेल शे का?"

"नाही," नीलेश म्हणाला.

"मंग पया," भाईदास म्हणाला आणि पुन्हा निंदायला बसला.

बस, एवढंच. त्यानंतर दोन वर्षं भाईदासनं त्याला एक अक्षर विचारलं नाही. नीलेश मोरीवर आला की तो हात वर करायचा, नीलेश हात वर करायचा. नदीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर तासभर व्हायचा. त्या तासात नीलेशच्या डोक्यात काहीही नसायचं. हीच त्याची कमाई होती आणि ती फक्त त्यालाच माहीत होती.

घात झाला तो बुटांमुळे. दुकानाशेजारी गनीभाईचं बुटांचं दुकान होतं. दोघे दुपारचा डबा एकत्र खायचे. नीलेशच्या बुटाचा तळवा गेलेला पाहून गनीभाईनं त्याला नवे धावायचे बूट दिले आणि मैत्रीखात्यात त्याच्या फोनमध्ये एक अ‍ॅपही टाकून दिलं. "किती पळालास ते कळेल," तो म्हणाला. कळत होतं खरं. पण ते फक्त नीलेशला कळत नव्हतं. गनीभाईच्या फोनवरही हिरव्या शिवारातून गेलेली एक लाल रेघ रोज सकाळी उमटत होती. नीलेशला याचा पत्ता नव्हता.

गनीभाई 'अरुणोदय रनर्स परिवार' या मंडळाचा उपाध्यक्ष होता. परिवाराचे अध्यक्ष हिलाल आबा. आबांनी आयुष्यभर शेतांचे प्लॉट पाडले होते आणि साठीनंतर त्यांना आरोग्याची ओढ लागली होती. परिवाराचे टी-शर्ट होते, घोषवाक्य होतं, व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ग्रुप होते. त्यातला एक ग्रुप फक्त वाढदिवसांसाठी होता. सूत्रसंचालनासाठी ललिता मॅडम होत्या आणि गुडघ्यांसाठी डॉ. फालक होते. धावण्यासाठी मात्र ठरलेला रस्ता नव्हता, आणि तोपर्यंत त्यामुळे कोणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते धुळ्यामुळे. धुळ्याच्या अशाच एका मंडळानं सोनगीरच्या किल्ल्यावर 'ट्रेल रन' घेतली आणि तिचा फोटो वर्तमानपत्राच्या जळगाव आवृत्तीत छापून आला. आबांनी तो अंक बैठकीत आणून टेबलावर आपटला.

"धुळ्याला ट्रेल आहे. आपल्याला काय आहे?"

"त्यांच्याकडे किल्ला आहे, आबा," डॉ. फालक म्हणाले.

"मंग आपण काय किल्ला बांधायचा का आता?"

तेव्हा गनीभाईनं खिशातून फोन काढला आणि ती लाल रेघ आबांसमोर धरली. त्याचा हेतू वाईट नव्हता. मित्राचं नाव व्हावं, एवढंच त्याला वाटलं. आबांनी रेघ दोन बोटांनी मोठी करून पाहिली. केळी, पाट, नदी.

"अरे, ही तर तयार ट्रेल आहे," ते म्हणाले. "कोणाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत सात जण पायरीवर उभे होते. नीलेशनं सगळ्यांना आत बसवलं, चहा मागवला आणि आपल्या पायाखालची वाट सरकतेय हे ओळखून क्षीण विरोध केला. रस्ता खराब आहे म्हणाला. साप निघतात म्हणाला. आबा कौतुकानं हसले.

"म्हणूनच तर ट्रेल म्हणतात ना भो तिला! तूच आमचा मार्गप्रमुख."

रविवारी उद्‍घाटन झालं. कॉलनीच्या भिंतीपासून पहिल्या कडुनिंबापर्यंत लाल फीत बांधली होती. कडुनिंबाला फ्लेक्स होता, त्यावर परिवाराचे सगळे पदाधिकारी धावण्याच्या पोजमध्ये होते. आबा मात्र हात जोडून होते. कार्यक्रम पहाटेचा होता. प्रमुख पाहुणे यायला उशीर झाला, मग दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं दिवा विझला, तो पुन्हा पेटवला. नीलेशला शाल आणि नारळ देण्यात आला. ललिता मॅडम म्हणाल्या, की एकट्यानं चालत राहिलेल्या माणसाच्या मागे आज काफिला उभा आहे. नीलेशनं मागे वळून पाहिलं. काफिला खरोखरच उभा होता. त्यातले काही जण वाट बघून कंटाळले होते आणि त्यांनी सोबत आणलेल्या खुर्च्या उघडल्या होत्या.

फीत कापली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. सगळे धावले. पहिल्या वळणापर्यंत धावले, मग चालले, आणि मोरीपाशी येऊन बसले. समोर भाईदास वांगी तोडत होता. आपल्या बांधावर एवढी माणसं घामाघूम होऊन बसलेली पाहून त्याच्यानं राहवेना. दारी आलेल्या माणसाला तसंच जाऊ देणं त्याच्या घरात कोणाला जमलं नव्हतं.

"या, बठ्ठा जण या," तो म्हणाला. "वांगा ताजा शेतस."

बांधावर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. भाईदासनं त्या पेटवल्या. भरताची पांढरट हिरवी वांगी लाल निखाऱ्यांच्या आरात काळी पडू लागली, तसा परिवारातला थकवा उतरू लागला. डॉ. फालकांनी स्वतः सालं काढली. आबांनी ठेचायची लाकडी बडगी मागवली आणि वांगी ठेचायला बसले. लसूण, मिरच्या, कांद्याची पात, कळण्याची भाकरी. नीलेशही जेवला. भरीत उत्तम झालं होतं, आणि हीच त्याची मोठी अडचण होती.

पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आली.

भरीत वाढत गेलं तसं धावणं आटत गेलं. आधी सगळे भिंतीपासून निघायचे. मग प्रारंभरेषा पहिल्या वळणावर आली. मग ती मोरीच्या अलीकडच्या बाभळीपाशी आली. दिवाळीनंतर लोक थेट मोटारीनं मोरीपर्यंत येऊ लागले आणि उतरल्यावर हातपाय झटकू लागले. याला वॉर्मअप म्हणायचे. परिवारानं रस्त्यावर अंतराचे फलक लावले होते. त्यावर नदीपर्यंतचं अंतर कुठेच नव्हतं, सगळी अंतरं भाईदासच्या चुलीपर्यंतची होती. रोज चुलीच्या आसपास कोणी ना कोणी असायचं. रविवारी भरीत, आणि बाकीचे दिवस येत्या रविवारच्या भरताची चर्चा.

नीलेशनं उपाय करून पाहिले. तो आणखी लवकर निघाला. दोन दिवसांत ग्रुपवर त्याचा अंधारातला फोटो आला, खाली लिहिलं होतं, "आपले मार्गप्रमुख आपल्याही आधी!" तिसऱ्या दिवशी आठ जण त्या वेळेला हजर झाले. त्यानं फोन घरी ठेवून पाहिला. परतल्यावर बारा कॉल येऊन गेलेले होते आणि प्रमिलाबाई दारात उभी होती. "अरे, तुझे ते अध्यक्ष विचारत होते, कुठे पडलाबिडला तर नाही?"

धावताना लोक त्याच्या बाजूला येऊन विचारायचे. श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं? टाच आधी की चवडा आधी? केळं धावायच्या आधी की नंतर? आणि, शेवटी, हमखास, "ते जाऊ दे. नंबर तपासायला कधी येऊ?"

एकदा बैठकीत त्यानं सुचवलं, की धुळ्याला खरी टक्कर द्यायची तर आपणही खडकाळ टेकडी धरली पाहिजे. चढ, दगड, काटे. त्याला वाटलं, एवढं ऐकून निम्मे तरी गळतील आणि उरलेले टेकडीवर जातील. सगळे विचारात पडले. नीलेशच्या मनात आशा उगवली.

"तिथे पऱ्हाट्या मिळतील का?" डॉ. फालकांनी विचारलं.

कोणालाच खात्री नव्हती. सूचना तिथेच बारगळली.

जानेवारीत आबांनी जाहीर केलं, की धुळेकरांना बोलावून 'भरीत रन' घ्यायची. जळगावकडे काय आहे ते त्यांना एकदा दिसू द्या. मांडव पडला, ध्वनिक्षेपक आला. मोरीच्या अलीकडे दोन लोखंडी खांब पुरून त्यांच्यावर जमिनीपासून माणसाच्या उंचीचा एक पत्र्याचा फलक बसवला आणि तो चादरीनं झाकून ठेवला. नीलेशनं गनीभाईला विचारलं, तिथे काय आहे. गनीभाई म्हणाला, "तुला आवडेल."

धुळ्याहून एक बस भरून माणसं आली. त्यांचे अध्यक्ष धर्मेंद्र देवरे सडसडीत होते, आणि ते खरोखर धावत असत. ते नदीपर्यंत जाऊन परत आले तेव्हा जळगावकर अजून पाहुण्यांचं स्वागतच करत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग चुली पाहिल्या, आणि काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं आबांच्या मनाला लागलं.

आबांनी चादर ओढली. फलकावर मोठ्या अक्षरात होतं: नीलेश वायकोळे धावपथ. टाळ्या पडल्या. नीलेशला आपण वारल्यासारखं वाटलं.

"आणि एक आनंदाची गोष्ट," आबा माइकवर म्हणाले. "उद्यापासून रोज पहाटे जो कोणी नवीन धावक येईल, त्याला आपले मार्गप्रमुख सोबत घेऊन धावतील. त्याला काय शंका असतील त्या विचारून घ्यायच्या. नीलेशभाऊ सगळ्यांना उत्तरं देतील. बारा महिने!"

पुन्हा टाळ्या. लोक उठून उभे राहिले. नीलेशही उभा होता, पण त्याला बसायला कोणी सांगितलं नाही म्हणून. त्याच्या डोळ्यांसमोर बारा महिन्यांच्या पहाटा एकामागे एक आल्या आणि प्रत्येकीत एक माणूस त्याच्या बाजूला धापा टाकत होता. राजीनामा द्यावा तर मंडळात राजीनामा कोणी स्वीकारत नसे. दिला की आग्रहासाठी घरी माणसं येत. आजारी पडावं तर भेटायला येत. त्यानं दोन्ही गोष्टींचा विचार केला आणि दोन्ही सोडून दिल्या.

मग रिवाजाप्रमाणे पहिलं ताट सत्कारमूर्तीला आलं. ते आबांनी स्वतःच्या हातानं आणलं. सत्कारमूर्तीनं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी खायचं नाही, म्हणून धुळ्याची बस आणि अख्खा परिवार आपापली ताटं धरून त्याच्याकडे बघत राहिला. भरताचा वास सरळ नाकात आला. वर कांद्याची पात होती, कडेला तेल सुटलं होतं. नीलेशनं ताट आबांच्या हातात परत दिलं.

"मी भरीत खात नाही," तो म्हणाला.

माइक चालू होता. ते वाक्य केळीच्या बागेपर्यंत गेलं.

आबा आधी हसले. मग हसू अर्ध्यावर ठेवून म्हणाले, "उपवास असेल आज. चतुर्थी आहे का हो, मॅडम?"

"परवाच झाली," ललिता मॅडम म्हणाल्या.

"पित्त असेल," डॉ. फालक पुढे सरसावले. "पित्ताला वांगं चालत नाही, त्यात लाजायचं काय? मी लिहून देतो."

सबबींची दारं उघडी होती. कुठल्याही एका दारातून बाहेर पडलं असतं तर उद्या पहाटे पुन्हा इथेच यावं लागलं असतं. नीलेशनं ती एकेक करून लावून घेतली.

"पित्त नाही. उपवास नाही. मला भरीत आवडत नाही. लहानपणापासून."

जळगावात माणूस मटण सोडतो, दारू सोडतो, पक्ष सोडतो. लोक समजून घेतात. हे मात्र समजून घेण्यासारखं नव्हतं. मांडवाच्या मागच्या बाजूला कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. धर्मेंद्र देवरे यांनी आपल्या ताटाकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "म्हणजे जळगावचे मार्गप्रमुख भरीत खात नाहीत?"

आबांची कानशिलं तापली. "खोटं बोलतोय तो! इतके रविवार काय खात होता मंग?"

"पात खायचो," नीलेश म्हणाला. "आणि भाकरी."

"गनी!" आबा ओरडले. "तू याच्यासोबत रोज जेवतो. सांग सगळ्यांना."

गनीभाईनं नीलेशकडे पाहिलं. गेल्या गुरुवारीच शीतलच्या हातचं भरीत डब्यात आलं होतं, आणि शेवटच्या घासावरून दोघांत झोंबाझोंबी झाली होती. नीलेशनं जिंकलेला तो घास गनीभाईला अजून आठवत होता. त्याला मित्राच्या चेहऱ्यावर घाम दिसला. असा घाम त्यानं त्याला धावतानाही कधी आलेला पाहिला नव्हता. मग त्याला ती लाल रेघ आठवली, आणि ती आबांसमोर कोणी धरली होती हेही आठवलं.

"खरंय आबा," तो म्हणाला. "डब्यात भरीत आलं की माझ्याकडे सरकवतो. तोंड वाकडं करतो. मीच कधी बोललो नाही. घरातली गोष्ट, कशाला चारचौघांत काढायची?"

झालं.

चार दिवसांनी परिवाराची तातडीची सभा भरली. भरीत न खाणारा मार्गप्रमुख ठेवता येत नव्हता, आणि त्याला हाकलून दिलं असंही दिसायला नको होतं. म्हणून त्याला शाल आणि नारळ देऊन निरोप देण्यात आला. सूत्रसंचालन ललिता मॅडमनीच केलं.

मग प्रश्न आला फलकाचा. फलक ठेवला तर धुळेकर हसणार. फलक काढला तर आबांचं चुकलं, असं लोक म्हणणार. आबांनी यावर एक रात्र विचार केला आणि तिसरा मार्ग काढला. फलक तसाच ठेवून परिवारानं रस्ताच सोडला. गावाच्या दुसऱ्या टोकाला आबांनी नवीन प्लॉट पाडले होते. तिथे आखलेले रस्ते होते, घरं अजून झाली नव्हती. शेजारच्या शेतकऱ्याची वांगी चांगली होती. पुढच्या रविवारपासून सगळा काफिला तिकडे गेला. ग्रुपवर लिहून आलं, की ही ट्रेल पहिलीपेक्षा सरस आहे आणि पार्किंगही आहे.

त्या सोमवारी पहाटे नीलेश पाटावर आला. खुर्च्यांचे पाय रुतल्याच्या खुणा होत्या, कडुनिंबाला फ्लेक्सची एक दोरी लोंबत होती. फलक सोडले तर बाकी काही नव्हतं. भाईदासनं हात वर केला. नीलेशनं हात वर केला. नदीपर्यंत जाऊन तो परत आला आणि त्याला कोणी काही विचारलं नाही.

दुपारी गनीभाई डबा घेऊन आला. "अ‍ॅपचं फिटलं," तो म्हणाला.

"फिटलं," नीलेश म्हणाला.

किंमत हळूहळू कळत गेली. गावभर झालं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, यंत्रात हनुवटी टेकवायचं आणि अक्षरं वाचायच्या आधी विचारायचं, "नीलेशभाऊ, खरंच नाही आवडत?" लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापाशी आले की पातेलं उचलून पुढे जायचे, कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असायचं. सासरी तर त्याच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करत आणि ती त्याला आग्रहानं, दया आल्यासारखं वाढत.

सगळ्यात जास्त प्रमिलाबाईला लागलं. "लहानपणापासून? अरे, लहानपणी कोणाच्या हातचं खात होतास तू? माझ्या हातचं! भिशीच्या बायका माझ्या तोंडावर विचारतात, अक्का, तुमचं भरीत बिघडायचं का?" तिनं पुढे पंधरा दिवस त्याला दुकानात कोण आलं होतं हे विचारलं नाही. नीलेशला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

घरात भरीत करणंही बंद झालं. शीतलनं एकदा खिडक्या लावून करून पाहिलं. पण वांगं भाजल्याचा वास खिडकी मानत नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पाचच मिनिटांत वाटी घेऊन खाली आल्या. शीतलनं त्यांना वाटीभर दिलं आणि सांगितलं, की आमच्यासाठी केलंय, हे खात नाहीत. नीलेश समोर बसून दोडक्याची भाजी खात होता. वहिनी त्याच्याकडे बघून हळहळल्या.

"बिचारे," त्या शीतलला म्हणाल्या. "कसं होतं गं तुझं?"

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. कपाशी वेचून झाली आणि थंडी पडली. पाटावरच्या पहाटा चांगल्या होत्या. तास पुरा मिळत होता. फक्त मोरी जवळ आली की नीलेशचा वेग आपोआप वाढायचा, कारण थंडीच्या दिवसांत भाईदास तिथे आपल्यापुरती चूल पेटवायचा. वाऱ्याबरोबर तो वास रस्त्यावर यायचा आणि नीलेश श्वास धरून तेवढा तुकडा ओलांडायचा. त्या तुकड्यात तो जेवढा जोरात धावला तेवढा आयुष्यात कधी धावला नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्याला श्वास धरायला उशीर झाला.

तो मोरीवर थांबला. पऱ्हाट्यांचा आर नुकता बसला होता. भाईदास बडगीत वांगी ठेचत होता. त्यानं हात वर केला, नेहमीसारखा. मग त्यानं केळीच्या पानाचा एक तुकडा घेतला, त्यावर भरीत घातलं, अर्धी भाकरी ठेवली, पात ठेवली, आणि ते पान बांधावर ठेवून तो नीलेशकडे पाठ करून बसला.

नीलेशनं भिंतीच्या दिशेला पाहिलं, मग नदीच्या दिशेला पाहिलं. रस्ता मोकळा होता. तरी उजाडत आलं होतं आणि दूध घालणारे याच वेळेला निघतात. आडोसा हवा होता. केळीची बाग नुकतीच कापली होती, कपाशी उपटली होती, कडुनिंब खोडानं बारीक होता. चांगला, माणूसभर उंचीचा आडोसा शिवारात एकच होता.

पान हातात घेऊन तो त्या फलकाच्या मागे जाऊन उकिडवा बसला. पलीकडच्या बाजूला त्याचं नाव होतं. अलीकडे नुसता गंजत चाललेला पत्रा होता. पत्र्यावर त्याला टेकता आलं.

पहिला घास गरम होता. दुसरा त्यानं सावकाश खाल्ला. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, कॅन वाजले आणि आवाज लांब गेला. तिसरा घास तोंडात असताना बांधाकडून भाईदासचा आवाज आला. त्यानं मान वळवली नव्हती.

"भाऊ, मीठ बराबर शे का?"

नीलेशनं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"थोडं कमी आहे," तो म्हणाला.